कार्डात श्वास कोणाचा?

मी आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाय. माझं माहेर नांदगावच्या पुढं एका खेड्यात, आमचं घर मसणवटीच्या वाटेवर, आन आम्ही पोरी तिथल्याच बोरीखालची बोरं वेचून खायचो. सांजच्याला पण. कधी कोणी दिसलं नाय. गावात म्हणायचे अमकीला धरलं, तमक्याला झपाटलं, मी हसायची. या ग्रुपवर पण मी नुसती वाचायला यायचे, बाळाला पाजता पाजता. आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. शाळा माझी आठवीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या... पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाय.

आम्ही नाशिकला राहतो, अंबडच्या कंपन्यांच्या मागं चुंचाळ्यात. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ओटा, गॅस, आन माझी आन बाळाची गोधडी. आतल्या खोलीत पलंग, त्याच्यावर हे झोपतात — हे म्हणजे माझे मालक. दोन्ही खोल्यांच्या मधी दार नाय, नुसता पडदा हाय. यांची कायम रातपाळी, पत्रा दाबायच्या प्रेसवर. सकाळी आठला येतात, खातात, आन नऊपासून तीन-चारपर्यंत झोपतात. म्हणजे आमच्या घरात रात्र दिवसाच असते. मी जे सांगणार ते सगळं भर दुपारचं हाय, खिडकीतून ऊन येत असताना.

यांचं घोरणं लय मोठं. खालच्या मजल्यावरचे म्हणायचे, वहिनी, भाऊ झोपले का ट्रक चालू केला. मी पण हसायची. मला वाटायचं घोरतो तो सुखी माणूस. पण ते घोरणं मधीच बंद पडायचं... एकदम गप्प. मग जोरात हिसका बसायचा, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा, आन परत सुरू. सहा-सात तास झोपून पण डोळे लाल. एकदा सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या झोपले. मग कंपनीत प्रेससमोर डुलकी लागली, शेजारच्यानं हात ओढला म्हणून बोटं वाचली. तेव्हा साहेबांनी यांना पॅकिंगला टाकलं आन डॉक्टरकडं पाठवलं.

तिथं तारा लावून झोपवून तपासलं. डॉक्टर मॅडम मला म्हणल्या, झोपेत यांचा घसा मिटतो, तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो. रोज मशीन लावून झोपलं पाहिजे, नाहीतर हृदयावर येईल. आन हे एकट्या पेशंटचं काम नाय, घरच्यांनी मागं लागावं लागतं. मला त्या असं बोलल्या जशी माझीच परीक्षा हाय.

मशीन एका ट्रस्टनं वापरायला दिलं. घरी घेऊन आला तो एक दादा, आम्ही त्याला मशीनवाला दादाच म्हणतो. डब्याएवढं मशीन, त्याला नळी, नळीला मास्क, मास्कला डोक्यामागून पट्टे. दादानं सांगितलं, मशीनमधी कार्ड हाय मोबाईलसारखं. किती तास लावलं, किती वेळा श्वास थांबला, सगळं त्याच्यात उमटतं. मी महिन्याला येऊन बघणार. रोज चार तास तरी पाहिजे. लावलं नाय तर परत नेणार, कारण मागं यादी लागलेली हाय.

हे लावायला तयारच नाय. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लावलं आन फेकून दिलं. म्हणले सोंड लावून झोपू का, गणपती हाय का मी. गुदमरतं म्हणले. मी रोज हातापाया पडायची, भांडायची, रडायची. माझी सासू आमच्यातच राहते. ती देवळ्याकडची, अधूनमधून तिकडची अहिराणीच बोलते. ती मलाच म्हणायची, "झोपू दे त्याले, थकेल शे तो. जित्ता मानुसना नाकले नळी कोन लावस?"

पहिले आठ दिवस असेच गेले. मला रात्रंदिवस एकच, मशीन नेलं तर यांचं काय होणार. एक दिवस लसूण सोलता सोलता सासू म्हणली, "तूच लाव ना. मशीनले काय समजस, नाक कोनं शे ते."

तिनं गमतीत म्हणलं का खरं म्हणलं, मला आजपण माहीत नाय. पण मी ते धरलं. चूक माझी.

मला वाटलं मशीन घरात तरी राहील, आज ना उद्या हे ऐकतील. मग मी रोज असं करायची — अकराला बाळ झोपलं की पडद्याआडून मशीन उचलून बाहेर आणायची, मास्क लावायची आन गोधडीवर पडायची. तीनपर्यंत. कधी बसूनच तांदूळ निवडायची मास्क लावून. बाळ उठलं की माझ्याकडं बघून खिदळायचं, नळी ओढायचं. तेव्हा ते दहा महिन्यांचं. पडद्याआड हे घोरायचे, आन बाहेर मी मशीनचं पोट भरायची. सासू म्हणायची, नवऱ्याचा उपास बायको धरते, हे त्यातलंच.

दादानं कार्ड बघितलं, खूश झाला. म्हणला वहिनी शाबास, तासाला एक-दोनदाच थांबतोय श्वास, भाऊंना मशीन एकदम लागू पडलं. हे आत झोपलेले. मी खाली मान घालून चहा ठेवला.

दुसऱ्या महिन्यात मास्क काढताना मशीनवर श्वास किती वेळा थांबला त्याचा आकडा दिसायचा तो वाढायला लागला. आधी एक, दोन असायचा, हिरवं हसरं तोंड यायचं. मग नऊ आला. मग बावीस. मग लाल तोंड. आन एक दिवस एक्केचाळीस.

 मला पहिलं काय वाटलं सांगू... मला वाटलं यांचा आजार मला लागला. यांनी दहा मिनिटं का होईना तोंडाला लावलेला मास्क, तो उष्टा मास्क मी लावला, म्हणून लागला. मी तो गरम पाण्यात मीठ टाकून धुतला, उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी परत एक्केचाळीस. मग मला बाळाचं भ्या. माझ्या अंगावर पितं ते, त्याला लागलं तर. मी बाळाला सासूजवळ झोपवायला लागले. सासूनं विचारलं काय झालं, मी म्हणलं काय नाय.

पण एक कळत नव्हतं. मी तर झोपतच नव्हते. मी जागी, डोळे उघडे, तांदूळ निवडते, आन मशीन म्हणतं झोपेत श्वास थांबला.

दादा आला. लॅपटॉपला कार्ड लावलं, तोंड पडलं त्याचं. म्हणला असं कसं उलटं झालं. मला रेघा दाखवल्या, डोंगरासारख्या वर-खाली, मधी मधी सपाट. सपाट म्हणजे श्वास बंद. मला काय झालं माहीत नाय, मी एकदम बोलून गेले, दादा, ते हे नाहीत, मी लावते मशीन. पहिल्यापासून मीच लावते.

तो हसला. वाईट नाय, समजावल्यासारखा. म्हणला, "वहिनी, मागच्या महिन्याचा असेल तुमचा. पण हा श्वास तुमचा नाय. एका दमाला किती हवा ओढली ते पण यात येतं. ही नव्वद किलोच्या माणसाची हवा हाय. तुमचं वजन किती?"

माझं वजन चव्वेचाळीस.

त्याला वाटलं मी घाबरून काहीतरी बोलते. हवेचा जोर वाढवून दिला आन गेला. आन मी तिथंच बसले. सासूला सांगितलं तर ती उठून पडद्याआड यांना बघून आली.

तुम्ही म्हणाल मग परत लावलं कशाला. बंद केलं तर मशीन जाणार, अजून काय. दोन दिवस लावलं नाय, तिसऱ्या दिवशी देवाचं नाव घेऊन लावलं.

त्या दुपारी मी मुद्दाम पडून राहिले, लक्ष देऊन. आतून यांचं घोरणं चालू. मग घोरणं थांबलं... आन माझा श्वास थांबला. खरंच सांगते. मी घेते पण येत नाय. मशीनची हवा नाकात ढकलतीय, पण छाती हलत नाय, कोणी आतून दार लावल्यासारखी. मग आत हिसका बसला, हे परत घोरायला लागले, आन माझी छाती मोकळी झाली. मी म्हणलं भास असेल. परत झालं. परत. दर वेळी यांचं थांबलं की माझं थांबायचं, यांचं सुटलं की माझं. मी मोजायला लागले. दहा मोजायचे, बारा, कधी वीस.

मग एक वेळ अशी आली की सुटलंच नाय.

वीस झाले, तीस झाले. डोळ्यांपुढं काजवे. बाळ सासूच्या मांडीवर बसून माझ्याकडं बघत होतं, सासू शेंगा मोडत होती, तिला काय कळालंच नाय. मला ओरडता येईना. मी मास्क ओढून काढला — काढला तसा माझा श्वास आला. पण आतून आवाज नाय. मी पडदा ओढला, तो तुटून हातात आला. हे उताणे पडलेले, ओठ जांभळे, जांभूळ खाल्ल्यासारखे, आन पोट जागच्या जागी.

मी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. सासूनं तांब्याभर पाणी तोंडावर टाकलं. कोणकोणत्या देवाला नवस बोललो आम्ही दोघी. मग एक मोठा हिसका बसला आन डोळे उघडले. पहिलं काय बोलले तर, "कंपनीची गाडी गेली का?"

सासू जमिनीवरच बसली. 

संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. कार्डाचं सांगितलं, माझा श्वास थांबला ते पण.  मग यांनी मला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझे सासरे कोरोनात गेले. यांनी त्यांना काचेतून बघितलं, तोंडाला असाच मास्क, डोक्यामागून असेच पट्टे. सासऱ्यांनी काचेकडं बघून हातानं मास्क काढायला सांगितलं, काढा काढा, आन यांनी काचेबाहेरून हातानंच सांगितलं, राहू द्या. त्याच्यानंतर बापाचं तोंड बघायला भेटलं नाय. हे म्हणले, "मी मास्क लावला की दादा मला काढ काढ म्हणतात." दादा म्हणजे सासरे, हे वडलांना दादाच म्हणायचे.

मला वाटत होतं सोंड दिसते म्हणून लावत नाहीत. दोन वर्ष लग्नाला झाली, मला हे माहीत नव्हतं.

सासूनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी हे जेवून पलंगावर पडले तर ती स्वतः आत गेली, मास्क उचलला, आन स्वतःच्या हातानं यांच्या डोक्यामागं पट्टे बांधले. म्हणली, तुझ्या बापाच्या वेळी मला आत जाऊ दिलं नाय. मी आज इथं बसली, बघू कोण काढायला सांगतं. आन उशाशी बसली चार तास, यांच्या केसातून हात फिरवत. असं रोज. महिनाभर तिनं एक दिवस चुकवला नाय. मी बाहेरच्या खोलीत बाळाजवळ, मशीनला हात पण लावला नाय.

आन घोरणं बंद झालं, हो. घरात एवढी शांतता की मला खालच्या गिरणीचा आवाज यायला लागला. हे उठायचे तर डोळे पांढरे स्वच्छ. बाळाला खांद्यावर घेऊन खाली फिरवायचे. साहेबांनी परत प्रेसवर घ्यायचं बोलून ठेवलं. मला वाटलं संपलं सगळं... आपल्याला काय भास झाला तो झाला, माणूस तर सुधारला. मलाच तेवढं दुपारी थकल्यासारखं व्हायचं, जिना चढला की दम लागायचा. म्हणलं अंगावर पाजते म्हणून असेल.

महिना झाला, दादा आला. या वेळी हे जागे होते. यांनीच हौसेनं कार्ड काढून दिलं.

दादानं लॅपटॉप बघितला, परत बघितला. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणला, वहिनी, मागच्या खेपेला मी तुमचं ऐकलं नाय, पण आता दिसतंय. हे तुम्ही लावताय. ही लहान हवा हाय, बारीक बाईची, एकदा पण थांबलेली नाय.

हे म्हणले मी लावतो, हे बघा नाकावर वळ. दादा म्हणला वळ पाच मिनिटात पण पडतात भाऊ. सासूनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हणली, मी रोज माझ्या हातानं बांधते, खोटं असेल तर ही माझी नात... मी तिचा हात धरला, पुढचं बोलू दिलं नाय.

मग हेच म्हणले, "बसा तुम्ही. मी आत्ता लावतो, डोळ्यांनी बघा."

दादानं वायर लावली, म्हणजे चालू श्वासाची रेघ लॅपटॉपवर दिसते. हे पलंगावर पडले, सासूनं पट्टे बांधले. मी मधल्या चौकटीला टेकून उभी. रेघ सुरू झाली. दादा रेघ बघतो, यांचं पोट बघतो. यांचं पोट वर आलं तर रेघ खाली. यांचं मोठं, संथ. रेघ बारीक, भरभर. मला आधी समजलं नाय तो काय बघतो. मग त्यानं मान वळवली आन माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं नाय, माझ्या ओढणीकडं, छाती हलते तिथं. रेघेकडं बघितलं, परत माझ्याकडं.

मी घाबरून श्वास धरला.

रेघ सपाट झाली.

यांचं पोट वर-खाली चालूच होतं, मास्कमधून फुसफुस चालू होती, आन रेघ सपाट. मला धरवला तेवढा वेळ धरला, मग सोडला. रेघ एकदम वर उडाली.

दादानं वायर काढली.   त्यानं मास्क यांच्या तोंडावरून काढला, नळी गुंडाळली, सगळं पिशवीत भरलं. हे म्हणले, अहो पण नेता कुठं, मी लावतोय ना आता. दादा म्हणला, मशीन बिघडलंय असं लिहितो, चेकिंगला न्यावं लागेल. तुमचं नाव परत यादीत टाकतो. मी विचारलं किती दिवस, तर म्हणला यादी मोठी हाय. चपला पण नीट घातल्या नाय त्यानं, अर्ध्या पायात घालून जिना उतरला. आता फोन करते तर उचलत नाय. ऑफिसातली बाई म्हणते मशीन तपासलं, चांगलं निघालं, दुसऱ्या पेशंटला दिलं. तुमचा नंबर आला की कळवू.

डॉक्टर मॅडमकडं गेलो. मी सगळं सांगितलं. त्या म्हणल्या कार्ड अदलाबदल झालं असेल, सेन्सर खराब असेल. मला पण तारा लावून तपासलं, मला काहीच नाय निघालं. त्या म्हणल्या तुम्हाला आराम पाहिजे. यांना म्हणल्या कुशीवर झोपा, वजन कमी करा, आन मशीन भेटेपर्यंत घरच्यांनी लक्ष ठेवा.

तर आता आम्ही लक्ष ठेवतो. सासू आन मी आळीपाळीनं उशाला बसतो. घोरणं थांबलं की हलवायचं. हे कुशीवर वळतात, परत उताणे होतात. काल मी सकाळपासून मोजलं, साठच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं.

पण परवा सासू दळण आणायला गेली आन माझा बसल्या बसल्या डोळा लागला. पलंगाच्या काठावर डोकं टेकवलं ते कळालंच नाय. तासभर गेला. जाग आली तर माझा घसा कोरडा, छाती भरून आलेली, अशी दमलेली जशी खालून पाण्याचे हंडे आणले. घाबरून यांच्याकडं बघितलं. हे उताणेच होते, आन घोरणं नाय. ओठ गुलाबी. शांत झोपलेले, बाळासारखे. अर्धवट झोपेतच म्हणले, "आज लय दिवसांनी झोप लागली गं. आज आईनं नळी बांधली होती का?"

 मी म्हणलं हो.

काल सासूला उशाशी बसवून बघितलं, मी जागी असते तेव्हा यांचं थांबतं. मी झोपते तेव्हा थांबत नाय. असं का ते मला विचारू नका, मॅडमला नाय सांगता आलं, दादा तर पळूनच गेला, आन मी आठवी शिकलेली. कोणाच्या घरी असं झालं असेल तर लिहा. आन घरातला माणूस मशीन लावत नसेल तर त्याला आधी विचारा का लावत नाय, माझ्यासारखं त्याच्या जागी नाक लावू नका.

हे आताच जेवून पलंगावर पडलेत, घोरणं सुरू झालंय. सासूला हाक मारते, बाळ तिच्याजवळ देते. आन मी पण पडते आता थोडी.